चालत्या सर्व्हरला हात लावावा का? फर्मवेअरविषयी वाचकांचे प्रश्न

सर्व्हर रूमच्या देखभालीवर प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. यूपीएस, एसी, केबल यांवर पत्रं येतील अशी अपेक्षा होती. बरीचशी आली ती फर्मवेअरवर, म्हणजे हार्डवेअरच्या भागांत बसवलेल्या, त्यांना चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणून हे सदर या वेळी पूर्णपणे त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत सहा सर्व्हर आहेत. बसवल्यापासून चार वर्षांत फर्मवेअरला कुणी हात लावलेला नाही. व्यवस्थापक म्हणतात, सगळं सुरळीत आहे, चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? त्यांना काय सांगावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : त्यांना एक आकडा सांगा. ३२,७६८.

नोव्हेंबर २०१९मध्ये एचपीई या सर्व्हर कंपनीने आपल्या काही एसएएस एसएसडींबद्दल (चिपवर डेटा साठवणाऱ्या सर्व्हरच्या ड्राइव्हबद्दल) इशारा काढला. ड्राइव्ह एकूण ३२,७६८ तास चालला, म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास भरले, की तो बंद पडणार. डेटा गेला आणि ड्राइव्हही गेला, दोन्ही परत मिळणार नाहीत. उपाय होता एचपीडी८ ही फर्मवेअरची आवृत्ती, तीही तास भरण्याआधी चढवली तरच. मार्च २०२०मध्ये दुसऱ्या काही मॉडेलांसाठी तसाच इशारा आला, तिथे मर्यादा ४०,००० तासांची होती आणि दुरुस्ती एचपीडी७मध्ये. ३२,७६८ म्हणजे २चा १५वा घात. चिन्ह असलेल्या १६ बिटांच्या आकड्यात ३२,७६७पर्यंतच मोजता येतं, पुढचा एक मिळवला की आकडा उलटून उणे होतो. ड्राइव्हच्या आत काय झालं असावं हे यावरून ओळखता येईल.

यातली खरी गोम रेडची आहे, म्हणजे अनेक ड्राइव्ह जोडून एखादा गेला तरी डेटा टिकवणाऱ्या रचनेची. व्यवस्थापक म्हणतील, आपल्याकडे रेड आहे, एक ड्राइव्ह गेला तर दुसरा आहे. पण रेडची सगळी भिस्त ड्राइव्ह वेगवेगळ्या दिवशी मरतील यावर असते. समजा, एका सर्व्हरमधले आठही ड्राइव्ह एकाच खोक्यातून आले, एकाच दुपारी बसवले आणि एकाच क्षणी चालू झाले. मग त्यांचे तासही एकत्रच भरणार. रेड ५ एक ड्राइव्ह गेलेला सोसतो, रेड ६ दोन. आठ कुणीच सोसत नाही. शेजारच्या रॅकमधला, त्याच दिवशी चालू केलेला बॅकअप सर्व्हरही तीच घटका मोजत असतो.

दुसरं उदाहरण प्रोसेसरचं. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेत, म्हणजे ‘रोम’ पिढीत, सर्व्हर सलग सुमारे १,०४४ दिवस रीबूट न होता चालला तर एखादा कोअर (प्रोसेसरमधला गणना करणारा भाग) सीसी६ या झोपेच्या अवस्थेतून जागा होऊ शकत नाही आणि सर्व्हर लटकतो. एएमडीने २०२३मध्ये ही चूक आपल्या यादीत नोंदवली आणि ती दुरुस्त करणार नसल्याचंही सांगितलं. त्याआधी रीबूट करा किंवा सीसी६ बंद ठेवा, एवढेच दोन मार्ग. ‘आमचा सर्व्हर तीन वर्षांत एकदाही बंद झाला नाही’ ही प्रौढी अशा ठिकाणी अंगाशी येते.

तुमचे ड्राइव्ह किंवा प्रोसेसर या यादीत असतीलच असं नाही. तरी या आठवड्यात एवढं करा : प्रत्येक ड्राइव्हचं मॉडेल, फर्मवेअर आणि चाललेले तास लिहून काढा. लिनक्सवर स्मार्टसीटीएल हे साधन ते दाखवतं, मात्र रेड कंट्रोलरच्या मागचे ड्राइव्ह त्याला थेट दिसत नाहीत. डेल पर्कसारख्या कंट्रोलरसाठी प्रकार ‘मेगारेड’ द्यावा लागतो आणि एचपीच्या जुन्या स्मार्ट ॲरेसाठी ‘सीसिस’, पुढे ड्राइव्हचा क्रमांक. विंडोज असेल तर कंट्रोलरच्या स्वतःच्या साधनातून पाहा. मग ती यादी उत्पादकाच्या संकेतस्थळावरच्या तातडीच्या सूचनांशी ताडून घ्या. सहा सर्व्हरांना अर्धा दिवस पुरतो.

आणि व्यवस्थापकांना ‘अपडेट केल्यावर सर्व्हर जलद होईल’ असं चुकूनही सांगू नका. होत नाही. उलट २०१८पासून प्रोसेसरमधल्या त्रुटी बुजवणाऱ्या काही मायक्रोकोडमुळे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्यांमुळे) काही कामं थोडी मंदावलीच आहेत. जे होणार नाही त्याचं आश्वासन दिलं की पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही.

प्रश्न : बायोस, आयड्रॅक, रेड कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, ड्राइव्ह, पॉवर सप्लाय, सीपीएलडी… एका सर्व्हरमध्ये इतक्या फाइली. क्रम कोणता ठेवायचा? आणि ड्रायव्हर आधी की फर्मवेअर आधी?
— एक वाचक, महापे, नवी मुंबई

उत्तर : सगळ्यांत आधी बीएमसी. डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ, लेनोवोचा एक्ससीसी, सिस्कोचा सीआयएमसी, सुपरमायक्रोचा नुसता बीएमसी : नावं निरनिराळी, काम एक. मदरबोर्डवरचा हा छोटा स्वतंत्र संगणक सर्व्हर बंद असतानाही जागा असतो. तो आधी का, याची कारणं दोन. पुढच्या सगळ्या फाइली बहुतेक वेळा त्याच्यामार्फतच चढतात, आणि नव्या फाइलींची सही किंवा स्वरूप जुन्या बीएमसीला कधीकधी ओळखता येत नाही. शिवाय बायोस, म्हणजे सर्व्हर सुरू होताना सगळ्यांत आधी चालणारं फर्मवेअर, फसला तर सुटकेची वाटही तोच. बीएमसी जिवंत असेल तर होस्ट (मुख्य सर्व्हर) पूर्ण मेलेला असतानाही बायोसची फाइल पुन्हा चढवता येते. काही बनावटींत या सोयीसाठी वेगळं लायसन्स लागतं, ते आहे की नाही हे आजच पाहून ठेवा, रात्री दोन वाजता नको.

बीएमसी अपडेट होताना ऑपरेटिंग सिस्टीम चालूच राहते. पंखे मात्र काही मिनिटं पूर्ण वेगाने घोंघावतात, कारण त्यांना आवर घालणाराच रीस्टार्ट होत असतो. सेन्सरही तेवढा वेळ गप्प असतात, तेव्हा मॉनिटरिंगचे अलार्म आधी थोपवून ठेवा. साधारण ८–१० मिनिटांनी वेबपान परत येतं.

त्यानंतर बायोस. मग रेड कंट्रोलर, त्यानंतर ड्राइव्ह, मग नेटवर्क कार्ड. बायोस, कंट्रोलर आणि कार्ड एकाच रीबूटमध्ये बसवता येतात, रांगेत टाकून ठेवा. सीपीएलडी (मदरबोर्डवरचा वीज चालू-बंदचा क्रम सांभाळणारी चिप) आणि पॉवर सप्लाय शेवटी आणि वेगळ्या खेपेला, कारण या दोन्हींना सर्व्हर पूर्ण बंद व्हावा लागतो आणि काही मॉडेलांत वायर काढून वीज तोडावी लागते. नुसत्या रीबूटने सीपीएलडीची नवी आवृत्ती लागूच होत नाही, मग ‘अपडेट यशस्वी’ दिसूनही क्रमांक जुनाच, असा घोळ होतो.

हा क्रम सर्वसाधारण आहे. फाइलीसोबतच्या सूचनापत्रात वेगळा क्रम दिला असेल तर तोच खरा. त्या पत्रात आणखी एक ओळ शोधायची, ती म्हणजे किमान पूर्वआवृत्तीची. चार वर्षं मागे असलेला बीएमसी अनेकदा एका उडीत ताज्या आवृत्तीवर जात नाही, मध्ये एक-दोन पायऱ्या घ्याव्या लागतात. आणि काही आवृत्त्यांवर गेलं की परतीचा दरवाजा बंद होतो, सुरक्षेसाठी जुन्यावर उतरूच देत नाहीत. ‘रोलबॅक करू’ असं चेंज रिक्वेस्टमध्ये लिहिण्याआधी हे वाचलेलं बरं.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांचं जोडपं असतं. इंटेलच्या एक्स७१० कार्डाचं उदाहरण घ्या. कार्डावरची एनव्हीएम प्रत (म्हणजे त्याचं फर्मवेअर) नवी आणि लिनक्सचा आय४०ई ड्रायव्हर जुना असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहून येतं : अपेक्षेपेक्षा नवी एनव्हीएम प्रत आढळली, ताजा ड्रायव्हर टाका. कार्ड चालतं, पण अधूनमधून लिंक पडते आणि दोष स्विचला जातो. नवा ड्रायव्हर सहसा जुन्या फर्मवेअरला सांभाळून घेतो, उलटं कमी वेळा जमतं. म्हणून आधी ड्रायव्हर, मग फर्मवेअर, आणि मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका. ईएसएक्सआय (एका सर्व्हरवर अनेक आभासी सर्व्हर चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली) असेल तर स्वतःचं डोकं चालवू नका, सुसंगतता यादीत ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांची जोडी छापलेली असते, तीच घ्या. लिनक्सवर सध्याची जोडी पाहायला एथटूल पुरतं, इंटरफेसच्या नावाआधी ‘आय’ पर्याय दिला की दोन्ही क्रमांक एकाखाली एक येतात.

सुट्या फाइली गोळा करत बसण्यापेक्षा उत्पादकाचा एकत्रित संच वापरणं आम्हाला जास्त पटतं. एचपीईचा एसपीपी किंवा डेलचा कॅटलॉग घ्या, त्यातल्या आवृत्त्या एकमेकींसोबत तपासलेल्या असतात. वर्षातून दोनदा एक संच निवडा, तोच सहा महिन्यांची बेसलाइन म्हणून गोठवा आणि सगळ्या सर्व्हरांवर तोच ठेवा. मधल्या काळात फक्त तातडीची सुरक्षा-दुरुस्ती. बँकांनी मार्चचा शेवट आणि दिवाळीचा आठवडा सोडून बाकी तारखा धराव्यात, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : बायोस अपडेटनंतर सर्व्हर पुन्हा चालू झाला, पण २० मिनिटं स्क्रीन काळीच. सहकाऱ्याने पॉवर केबल काढली. त्यानंतर सर्व्हर उठलाच नाही, मदरबोर्ड बदलावा लागला. किती वेळ थांबायला हवं होतं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नुकसान बहुधा त्या केबलने केलं असावं. अपडेटने नव्हे.

नवा बायोस आला की मेमरीचं जुनं मोजमाप फेकून दिलं जातं. प्रत्येक डिमसाठी (मेमरीच्या पट्टीसाठी) सिग्नल कधी पाठवायचा, कधी वाचायचा, याची जुळणी पुन्हा पहिल्यापासून होते. तिला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एरवी हे मोजमाप साठवलेलं असतं, म्हणून रोजचं रीबूट लवकर उरकतं. दोन सॉकेटांचा सर्व्हर, ३२ डिम आणि १–२ टीबी मेमरी असेल तर त्या पहिल्या खेपेला १५–२० मिनिटं सहज जातात. या काळात स्क्रीन काळी असते किंवा मेमरी कॉन्फिगर होत असल्याची एकच ओळ खिळून बसते. त्यात सर्व्हर स्वतःहून दोन-तीनदा रीस्टार्ट होतो. आपण घाबरतो तो नेमका याच वेळी.

आमचा नियम : बायोसनंतर ४५ मिनिटं हात खिशात. तोवर स्क्रीनकडे न बघता बीएमसीच्या वेबपानावर बघा. तिथे पोस्ट कोड (सुरू होण्याचा टप्पा दाखवणारा आकडा) बदलत असेल, वीजवापर वर-खाली होत असेल, तर आत काम चालू आहे. ४५ मिनिटांनंतरही पोस्ट कोड त्याच आकड्यावर आणि वीजवापर सपाट, तर मग पुढची पावलं, याच क्रमाने :

बीएमसीची घटना-नोंद वाचा. एखाद्या डिमचं नाव तिथे असेल तर दोष मेमरीचा आहे, त्या सॉकेटमधला डिम काढून पाहा. नोंद कोरी असेल तर बीएमसीमधूनच सक्तीने बंद करून ३० सेकंदांनी चालू करा. तरी काही नाही, तर दोन्ही पॉवर केबल काढून दोन मिनिटं थांबा. ही तिसरी पायरी आहे, पहिली नव्हे. त्यानंतरही उठला नाही तर बायोसची दुसरी प्रत वापरा. एचपीईच्या प्रोलायंटमध्ये राखीव सिस्टीम रॉम असते, इतर अनेकांत बीएमसीमधून बायोसची फाइल पुन्हा चढवता येते. सीमॉसची बॅटरी उपटण्याचा जुना उपाय इथे फारसा कामाचा नाही, फाइल अर्धवट लिहिली गेली असेल तर सेटिंग पुसून काय होणार?

याच्या उलट तक्रारही येते, की काम रांगेत आहे आणि पुढे सरकतच नाही. डेलमध्ये याचं नेहमीचं कारण हास्यास्पद असतं. कुणीतरी एफ२ किंवा एफ१० दाबून सेटअपचा पडदा उघडा सोडलेला असतो आणि तो बंद होईपर्यंत लाइफसायकल कंट्रोलर दुसरं काम घेत नाही. तसं नसेल तर रांग रिकामी करा, आयड्रॅक रीसेट करा, पाच मिनिटं थांबून फाइल पुन्हा द्या. आयड्रॅक रीसेट केल्याने चालू होस्टला काही होत नाही.

प्रश्न : अपडेटनंतर विंडोज सर्व्हरने बिटलॉकरची ४८ अंकी की मागितली. ती कुणाकडेच नव्हती.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बिटलॉकर ही विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय, आणि तिची किल्ली टीपीएम या सुरक्षा-चिपमध्ये असते. बायोस बदलला की टीपीएममधली मोजमापं बदलतात, आणि टीपीएमला वाटतं की यंत्राशी कुणी छेडछाड केली. म्हणून तो किल्ली देत नाही. त्याचं काम तो चोख करतो आहे. अपडेटआधी पॉवरशेलमधून बिटलॉकर स्थगित करा आणि रीबूटची संख्या द्या. ती ० ते १५ देता येते. एक अपडेट म्हणजे एक रीबूट, असं समजू नका, दोन-तीन सहज होतात. संख्या ० दिली तर तुम्ही हाताने परत सुरू करेपर्यंत ते स्थगितच राहतं, आणि मग ते सुरू करायला लोक विसरतात. आम्ही ३ देतो. ती ४८ अंकी की ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कच्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदीत) साठवली आहे का, हे त्याआधी डोळ्यांनी पाहायचं. लिनक्सवर लक्स या डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची किल्ली टीपीएमला बांधली असेल तर तोच प्रकार होतो, तिथे जुना परवलीचा शब्द एका स्लॉटमध्ये राखून ठेवा.

प्रश्न : बायोस बदलल्यावर लिनक्समधलं नेटवर्क गेलं. केबल ठीक, स्विच ठीक, पण इंटरफेसचं नावच वेगळं आलं.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘ईएनओ’ने सुरू होणारी नावं बायोसने सांगितलेल्या क्रमांकावरून पडतात. नव्या बायोसने क्रमांक बदलून सांगितला की नाव बदलतं आणि तुमची नेटवर्कची फाइल जुन्या नावाला चिकटून बसते. सिस्टमडी या लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाच्या लिंक फाइलीत मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून) नाव पक्कं करा, पुन्हा त्रास नाही. अपडेटआधी बायोसच्या सगळ्या सेटिंगची प्रत फाइलीत काढून ठेवा आणि नंतरच्या प्रतीशी ताडून पाहा. बूटचा क्रम, व्हर्च्युअलायझेशन, एसआर-आयओव्ही (एक कार्ड अनेक आभासी सर्व्हरांत वाटण्याची सोय) आणि वीजबचतीचा प्रोफाइल या चार नोंदी सगळ्यांत जास्त हलतात.

प्रश्न : ४० सर्व्हरांचा क्लस्टर आहे, व्हीएमवेअर आणि व्हीसॅन. एका रात्रीत सगळे उरकता येतील का?
— एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : येतील, पण करू नका.

पहिल्या दिवशी १ सर्व्हर. ज्यावर सगळ्यांत कमी महत्त्वाचा भार आहे तो, पण हार्डवेअर बाकीच्यांसारखंच असलेला. त्याला पूर्ण आठवडा चालू द्या, कारण नेटवर्क कार्डाच्या आणि मेमरीच्या तक्रारी पहिल्या रात्री येत नाहीत. मग वेगवेगळ्या रॅकमधले ३. मग रोज रात्री ४–६, आणि एका वेळी एकच बंद. जानेवारी २०१८ आठवा. स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटीवरचे मायक्रोकोड घाईघाईने बाहेर आले, लोकांनी घाईघाईने चढवले, आणि २२ जानेवारीला खुद्द इंटेलने सांगितलं की थांबा, ब्रॉडवेल आणि हॅसवेल प्रोसेसरांवर सर्व्हर आपोआप रीबूट होत आहेत. सर्व्हर कंपन्यांनी बायोस मागे घेतले. ज्यांनी एकाच रात्री सगळा क्लस्टर उरकला होता, त्यांच्याकडे जुन्या बायोसवरचा एकही होस्ट उरला नव्हता. म्हणून साध्या बायोससाठी आम्ही प्रकाशनानंतर तीन-चार आठवडे थांबतो. बीएमसीची गंभीर त्रुटी असेल तर मात्र दिवस मोजायचे, आठवडे नव्हे.

एका होस्टची खेप अशी. आधी घटना-नोंद तपासा. पॉवर सप्लाय दोन्ही ठणठणीत आणि ए व बी अशा वेगळ्या फीडवर आहेत ना, रेडची बॅटरी चांगली आहे ना, कुठला ड्राइव्ह रीबिल्ड तर होत नाही ना. यातलं एकही बिघडलेलं असेल तर आज अपडेट नाही, दुरुस्ती. मग होस्ट मेंटेनन्स मोडमध्ये टाका, व्हीसॅनचा (होस्टांचे ड्राइव्ह एकत्र करून सामाईक साठा बनवणाऱ्या व्हीएमवेअरच्या प्रणालीचा) पर्याय ‘ॲक्सेसिबिलिटी राखा’ हा. व्हीएम (आभासी सर्व्हर) दुसऱ्या होस्टवर हलायला १०–२० मिनिटं, अपडेट आणि रीबूट ३०–५० मिनिटं, तपासणी १०.

बेरीज केलीत? ५० ते ८० मिनिटं, म्हणजे तासाच्या पुढे जाऊ शकते. आणि व्हीसॅनचं घड्याळ मुळात ६० मिनिटांचं असतं. तेवढ्यात होस्ट परत आला नाही तर तो गेला असं धरून त्याच्यावरच्या डेटाची नवी प्रत दुसरीकडे बांधायला सुरुवात होते. मध्यरात्री टेराबाइटच्या टेराबाइट नेटवर्कवरून वाहू लागतात आणि पुढचा होस्ट घेता येत नाही. त्या रात्रीपुरतं घड्याळ १२० मिनिटांवर न्या, सकाळी परत ६०वर आणा. सेफ (Ceph) ही साठवण-प्रणाली असेल तर त्याच कामासाठी ‘नोआउट’ हा झेंडा लावतात, आणि तो काढायला विसरतात. कुबरनेटीसमध्ये नोड कॉर्डन करून ड्रेन, म्हणजे नवं काम थांबवून आधीचं दुसरीकडे हलवायचं.

क्लस्टर अर्धा नवा, अर्धा जुना असताना आणखी एक फास आहे. नव्या मायक्रोकोडमुळे प्रोसेसर काही नव्या क्षमता दाखवू लागतो. त्या होस्टवर एखादं व्हीएम बंद करून चालू केलं, की ते त्या क्षमता धरून बसतं आणि जुन्या होस्टवर व्हीमोशन करायला (चालू असतानाच हलवायला) नकार येतो. ईव्हीसी (सगळ्या होस्टांच्या प्रोसेसर-क्षमता एका पातळीवर ठेवणारी सोय) चालू ठेवा, आणि काम पुरं होईपर्यंत व्हीएम उगाच बंद-चालू करू नका.

ईएसएक्सआय ७पासून व्हीस्फिअर लाइफसायकल मॅनेजर उत्पादकाच्या प्लगइनच्या मदतीने ईएसएक्सआय, ड्रायव्हर आणि फर्मवेअर एकाच प्रतिमेत बांधतो आणि होस्टमागून होस्ट आपण होऊन घेतो. ४० होस्टांना ते वापरावंच. पण पहिले चार हाताने करा, म्हणजे यंत्र कुठे अडलं हे नंतर ओळखू येतं.

प्रश्न : बीएमसी आमच्या आतल्या नेटवर्कवर आहे, बाहेरून दिसत नाही. मग त्याच्या अपडेटची एवढी घाई का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बाहेरून दिसत नाही, हे तपासलंत की समजून चाललात? सुपरमायक्रोच्या पुष्कळ बोर्डांवर बीएमसीचं लॅन ‘फेलओव्हर’ या मोडवर येतं. स्वतंत्र पोर्टात केबल नसेल तर बीएमसी गुपचूप पहिल्या सर्वसाधारण नेटवर्क पोर्टावरून बाहेर पडतो, आणि त्या पोर्टावर डीएचसीपी (आपोआप पत्ता देणारी सेवा) असेल तर तिथला पत्ता घेऊन बसतो. तो पोर्ट इंटरनेटच्या बाजूचा असला म्हणजे संपलं. मोड ‘डेडिकेटेड’ करा.

घाईचं कारण हे की बीएमसीच्या त्रुटी फार सोप्या निघाल्या आहेत. २०१७मध्ये आयएलओ ४मध्ये सापडलेल्या त्रुटीत वेब विनंतीच्या ‘कनेक्शन’ या रकान्यात इंग्रजी ‘ए’ हे अक्षर २९ वेळा लिहिलं की पासवर्डशिवाय आत जाता येत होतं. २.५३ आवृत्तीत ते बुजवलं. एएमआयच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधली, सीव्हीई २०२४-५४०८५ क्रमांकाची त्रुटीही लॉगिन चुकवणारीच, तीव्रता १०पैकी १०. अमेरिकेच्या सीसा या सायबर सुरक्षा संस्थेने जून २०२५मध्ये ती प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या जाणाऱ्या त्रुटींच्या यादीत घातली. मेगारॅक अनेक उत्पादक आपापल्या नावाने वापरतात, त्यामुळे खोक्यावर एएमआय लिहिलेलं नसतं.

काही गोष्टी मात्र कितीही अपडेट करा, सुटत नाहीत. आयपीएमआय २.० या बीएमसीशी बोलण्याच्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये वापरकर्त्याचं नाव माहीत असलं की कुणीही त्याच्या पासवर्डचा हॅश (सांकेतिक रूप) मागू शकतो आणि बीएमसी तो देतो. ती चूक प्रोटोकॉलच्या आराखड्यातच आहे. म्हणून यूडीपी ६२३ पोर्टवरचं आयपीएमआय बंद करा आणि त्याऐवजी रेडफिश हा नवा प्रोटोकॉल वापरा. बीएमसीसाठी वेगळा व्हीलॅन (नेटवर्कचा अलग भाग), त्यात शिरायला एकच जंप सर्व्हर, म्हणजे मधलं प्रवेशद्वार. डेलचा ‘रूट–कॅल्विन’ आणि सुपरमायक्रोचा ‘ॲडमिन–ॲडमिन’ हे जुने पासवर्ड अजून कुठे उरलेत का ते पाहा, २०२०पासून सुपरमायक्रो प्रत्येक बोर्डाला निराळा पासवर्ड छापून देतं, जुने बोर्ड तसेच आहेत.

बीएमसीचं घड्याळही लावून घ्या. रीसेटनंतर ते भलत्याच तारखेला जातं, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार घड्याळं एनटीपीला (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेला) जुळलेली हवीत, लॉग १८० दिवस जपायचे असतात आणि घटना ६ तासांत कळवायची असते. चुकीच्या तारखेचा लॉग घेऊन सहा तासांत काय कळवणार? बीएमसीचे लॉग सिसलॉगला (लॉग एकत्र साठवणाऱ्या सर्व्हरला) पाठवा, त्याच्या आत जागा फार थोडी असते.

प्रश्न : लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले दोन प्रोलायंट सर्व्हर घेतले. विक्रेत्याने फर्मवेअरची फाइल व्हॉट्सॲपवर देतो म्हटलं. घ्यावी का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : नको. प्रोलायंटची सिस्टीम रॉम आणि एसपीपी हे फेब्रुवारी २०१४पासून वॉरंटी किंवा सपोर्ट करार असलेल्यांनाच मिळतात, त्यामुळे अशा फाइली हातोहात फिरतात. नव्या पिढ्यांमध्ये बीएमसी सही तपासतो, जुन्यांमध्ये तेवढा भरवसा नाही. आयएलओची फाइल मात्र एचपीईच्या संकेतस्थळावरून कराराविना उतरवता येते, ती आधी चढवा. बायोससाठी सर्वांत लहान सपोर्ट करार किती पडतो ते विचारून बघा. डेलच्या बायोस आणि आयड्रॅकच्या फाइली सगळ्यांना खुल्या असतात, पुढच्या खरेदीत हेही तोलून पाहा. सर्व्हर घरी आल्यावर पहिलं काम बीएमसी कारखान्याच्या स्थितीवर आणणं. आधीच्या मालकाची खाती त्यातच असतात, डिस्क पुसून ती जात नाहीत.

प्रश्न : सिक्युअर बूटची प्रमाणपत्रं २०२६मध्ये संपतात असं वाचलं. सर्व्हर बूट होणं थांबेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. सिक्युअर बूट म्हणजे ओळखीच्या सहीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय, आणि ती सही या प्रमाणपत्रांवरून ओळखली जाते. मायक्रोसॉफ्टची २०११ची केईके आणि यूईएफआय प्रमाणपत्रं जून २०२६मध्ये आणि विंडोजचं उत्पादन प्रमाणपत्र ऑक्टोबर २०२६मध्ये संपतं. चालू सर्व्हर त्यानंतरही बूट होतो. अडतं ते पुढचं, म्हणजे बूट लोडरच्या नव्या आवृत्त्या आणि धोकादायक ठरलेल्या जुन्यांना बाद करणाऱ्या याद्या २०२३च्या प्रमाणपत्रांशिवाय घेता येत नाहीत. ती प्रमाणपत्रं आणणारा बायोस तुमच्या मॉडेलसाठी आहे का, हे उत्पादकाच्या पानावर पाहा आणि नेहमीच्या बेसलाइनमध्ये धरा. लिनक्स सिक्युअर बूटवर चालवत असाल तर तुम्हालाही हे लागू आहे, कारण शिम या पहिल्या पायरीवर मायक्रोसॉफ्टचीच सही असते. प्रमाणपत्रं बदलताना बिटलॉकर स्थगित करायचं, ते नागपूरच्या वाचकांना वर सांगितलं तसंच.